मुलाला सायकल मस्त येते, पण समोरचा धोका दिसत नाही. शेअर्ड ट्रॅकवर कसं शिकवायचं?

नळस्टॉपची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा ९ वर्षांचा आहे. सायकल छान चालवतो, बॅलन्सचा काही प्रश्नच नाही, सोसायटीच्या पार्किंगमधे आठचे आकडे काढतो. आता त्याला बाहेर न्यायला सुरुवात केलीये, रविवारी सकाळी लवकर, जंगली महाराज रोडला संभाजी बागेच्या बाजूचा जो रुंद फूटपाथ आहे ना तिथे. चालणारे, सायकलवाले, बाकांवर बसलेले आजी-आजोबा, झोपाळ्यांकडे धावणारी पोरं, सगळे तिथे एकत्रच असतात, ट्रॅक वेगळा रंगवलेला असला तरी माणसं काही रंग बघून चालत नाहीत.

परवा काय झालं, एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या, बाई डाव्या कडेला आणि कुत्रा उजवीकडे झाडाच्या बुंध्याशी हुंगत, मधे पट्टा ताणलेला. मला लांबूनच दिसलं. याला बाई दिसल्या, कुत्रा दिसला, पण पट्टा नाही दिसला, आणि हा सरळ दोघांच्या मधून निघाला. मी मागून ओरडले "अरे जपून!!" तर याने काय करावं, मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बाईंनी पटकन पट्टा सोडला म्हणून निभावलं.

तर प्रश्न असा की हे "बघणं" वयाबरोबर आपोआप येतं का शिकवावं लागतं? शिकवायचं तर नेमकं कसं, म्हणजे रोज काय करून घ्यायचं? त्याला घाबरवून सोडायचं नाहीये, त्याची सायकलची आवड मला टिकवायचीये. ज्यांनी मुलांना शिकवलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

पेडल_मारो
ताई, शिकवावं लागतं आणि शिकवता येतं. आमच्या भागातल्या पोरांना मी सुट्टीच्या दिवशी सायकलवर घेऊन जातो, त्या अनुभवावरून लिहितो, लांबेल जरा.

पहिलं म्हणजे "जपून" बंद करा. त्यात मुलाला करण्यासारखं काही नसतं. कुठे बघू, काय करू, काहीच कळत नाही, एवढंच कळतं की आई घाबरली, म्हणून तो आईकडे बघतो. त्याऐवजी दोनच शब्द, आधी वस्तू आणि मग कृती. "पट्टा, थांब." "गेट, हळू." "खांब, डावीकडून." आवाज चढवायचा नाही, ठरलेल्या सुरात बोलायचं. मुलं हे फार लवकर उचलतात.

दुसरं, एकदा सायकल घरी ठेवून तोच रस्ता त्याच्याबरोबर चालत जा. खरं शिक्षण इथेच होतं कारण तेव्हा त्याला पेडल, हँडल, ब्रेक कसलाच विचार नसतो, डोळे मोकळे असतात. दर पन्नास पावलांवर थांबा आणि विचारा, काय दिसतंय, त्याचं पुढच्या क्षणी काय होऊ शकतं, आणि तू सायकलवर असतास तर काय केलं असतंस. उत्तर तुम्ही द्यायचं नाही. चुकीचं दिलं तरी तिथेच दोन मिनिटं उभं राहून बघा काय होतंय ते. मुलाने म्हटलं की ते आजोबा सरळ जातील आणि आजोबा मधेच वळून बाकाकडे गेले, की ते त्याच्या डोक्यात पक्कं बसतं, आपण शंभरदा सांगून बसत नाही.

धोका अचानक येतो असं आपल्याला वाटतं पण बहुतेक वेळा तो आधी खूण देतो. मुलांना ती खूण शोधायला शिकवायची. काही मी नेहमी दाखवतो त्या लिहितो:

उभी कार दिसली की आत डोकं दिसतंय का बघ. डोकं असेल तर दार उघडू शकतं. मागचा लाल दिवा पेटलाय का? पांढरा पेटला म्हणजे रिव्हर्स. पुढचं चाक कुठे वळलंय? गाडी तिकडेच जाणार. टेम्पो किंवा व्हॅन उभी असेल तर खाली बघ, चाकांच्या मधून पलीकडचे पाय दिसतात, पाय दिसले की एक माणूस आत्ता बाहेर येणार. हे पोरांना प्रचंड आवडतं, पाय शोधायला.

रिक्षा कडेला थांबली आणि आतला माणूस खिशात हात घालतोय, म्हणजे पैसे दिले की तो डावीकडे उतरणार, नेमका तुझ्या वाटेत. सोसायटीच्या गेटवर वॉचमन खुर्चीवरून उठला, म्हणजे गाडी येतेय किंवा जातेय. बसस्टॉपवर सगळ्यांचे चेहरे एकाच दिशेला वळलेत, म्हणजे बस आली, आता लोक मागेपुढे होणार. चार जण घोळक्याने चालताहेत आणि एकमेकांकडे तोंड करून बोलताहेत, म्हणजे ते सरळ रेषेत चालणार नाहीत. फोनवरचा माणूस कधीही थांबतो. चेंडू आला की मागे मूल येतंच. कुत्रा आणि माणूस यांच्यात अंतर असेल तर मधे पट्टा आहे असंच धरायचं, दिसो वा न दिसो.

तिसरं, नजर. लहान मुलं पुढच्या चाकाकडे किंवा चाकाच्या थोडं पुढे बघतात. हिशोब करा, ताशी १५ किमी म्हणजे सेकंदाला ४ मीटरच्या वर. दिसणं, कळणं आणि ब्रेक दाबणं यात मुलाचा दीड सेकंद गेला तर ६ मीटर तिथेच गेले, मग थांबायला अजून साधारण ३. म्हणजे ९ मीटर, एकामागे एक उभ्या केलेल्या दोन गाड्यांएवढं. ताशी १० ला हेच साडेपाच मीटरच्या आसपास येतं. हे सांगून नाही कळत, पार्किंगमधे करून दाखवा. खडूने एक रेघ मारा, त्याला येऊ द्या, रेघेवर चाक आलं की टाळी वाजवा आणि तो जिथे थांबला तिथे खूण करा. मग वेग कमी करून पुन्हा. दोन खुणांमधलं अंतर बघितल्यावर "गर्दीत हळू" का म्हणतात ते त्याला स्वतःलाच समजतं, भाषण लागत नाही.

आणि जिथे बघतो तिथे सायकल जाते, हे पण. ट्रॅकच्या तोंडाशी जे खांब लावलेत ते बघत बसलं की खांबावरच जाणार. खांब ओळखायचा आणि नजर मधल्या मोकळ्या जागेवर न्यायची.

---

सायकलचं_दुकान
वरच्या दादांनी सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त सायकलकडून बोलतो कारण आमच्याकडे रोज मुलांच्या सायकली येतात.

ताई, सीटवर बसून त्याचे दोन्ही चवडे जमिनीला नीट टेकतात का? आपल्याकडे कपड्यांसारखी सायकलपण वाढत्या अंगाची घेतात, मग मुलाचं अर्धं लक्ष "थांबलो तर पडेन" यातच असतं आणि तो थांबायचंच टाळतो, कट मारून निघायला बघतो. अशा मुलाला धोका दिसला तरी उपयोग नाही.

ब्रेकची दांडी त्याच्या बोटांना पोचते का ते पण बघा. बऱ्याच सायकलींच्या लिव्हरला छोटा स्क्रू असतो, तो पिळला की दांडी हँडलजवळ येते. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा हात पुढचा ब्रेक आणि डावा मागचा, पण खात्री करून घ्या, चाक उचलून दाबून बघायचं. गर्दीच्या जागी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकवर ठेवूनच चालवायची सवय लावा आणि दोन्ही एकत्र दाबायचे, नुसता पुढचा कचकन दाबला तर मूल हँडलवरून जातं.

अजून एक. मागे वळून बघताना सायकल डगमगते तोवर बाहेरच्या गर्दीत नेऊ नका. सोपा सराव आहे, तो पुढे जात असताना मागे उभं राहून बोटं वर करा, त्याने उजव्या खांद्यावरून बघून किती बोटं ते सांगायचं आणि सायकल रेघेवरच राहिली पाहिजे. मग डाव्या खांद्यावरून. हे जमलं की मान मोकळी होते, आणि मान मोकळी झाल्याशिवाय आजूबाजूचं काही दिसत नाही.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही.

---

रोज_पाच_किलोमीटर
मी सायकलवाला नाही, चालणारा आहे. वय ७१. रोज सकाळी अशाच एका ट्रॅकवर चालतो म्हणून आमची बाजू सांगावीशी वाटली.

मुलं गोड असतात, त्यांना सायकल चालवताना बघून आम्हाला आनंदच होतो. पण मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. माझ्यासारखे बरेच असतात, शिवाय आता तरुण मंडळींच्या कानात काहीतरी घातलेलं असतंच. त्यामुळे घंटी वाजवली म्हणजे समोरच्याला कळलं असं मुलांनी धरू नये. घंटी वाजल्यावर समोरच्याने काही केलं का, मान हलवली, बाजूला झाला, हात केला, ते बघावं. काहीच नाही केलं तर ऐकू आलेलं नाही.

अगदी पाठीशी येऊन जोरात घंटी वाजवली की माणूस दचकतो आणि दचकलेला माणूस कुठल्या बाजूला जाईल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. बहुतेक जण मागे वळून बघतात आणि ज्या खांद्यावरून वळतात त्याच बाजूला एक पाऊल टाकतात. म्हणजे तुम्ही उजवीकडून काढताय आणि मी उजवीकडूनच वळलो तर समोरासमोर आलो. म्हणून लांबून एकदा घंटी, जवळ आल्यावर वेग चालण्याइतका, आणि तोंडाने "आजोबा, उजवीकडून जातोय". एवढं बोललं की आम्ही जागचे हलत नाही, तुम्ही सुखाने जा.

पांढरी काठी घेतलेली व्यक्ती दिसली तर मुलाने सरळ उतरावं. आणि ते पिवळे उंच रेघांचे टाइल असतात ते दृष्टिहीन माणसांच्या वाटेसाठी असतात, त्यावर सायकल लावून ठेवू नये, हे पण याच वयात सांगून टाका. आमचे एक मित्र त्या टाइलवर लावलेल्या गाड्यांना अडखळून पडलेत.

---

बाणेरचा_बाबा
सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण मला एक कळत नाही. आपल्या इथले ट्रॅक म्हणजे राँग साइडने येणाऱ्या टू-व्हीलर, मधेच डीपीचा बॉक्स, चेंबरचं झाकण दोन इंच वर, ट्रॅक संपतो तो थेट रस्त्यात. ९ वर्षांच्या मुलावर हे सगळं ओळखायची जबाबदारी का टाकायची? मी तर माझ्या मुलीला विद्यापीठाच्या आवारात नाहीतर मैदानावरच नेतो. महापालिकेने ट्रॅक नीट करावेत, मग बघू. राग नका मानू पण मला तरी हे पटत नाही.

---

मराठी_शाळेतली_बाई
@बाणेरचा_बाबा, तुमची काळजी रास्त आहे. फक्त मैदानावर चालवणारं मूल तेरा-चौदाव्या वर्षी क्लासला एकटं सायकलवर निघतं तेव्हा त्याने गर्दी कधी वाचलेलीच नसते, आणि तेव्हा आपण शेजारी नसतो. आत्ता आपण बरोबर असताना शिकलेलं बरं. ट्रॅकसाठी भांडायचं ते भांडूच, मीपण वॉर्ड ऑफिसला पत्रं लिहिली आहेत.

पण तुमच्या म्हणण्यात एक महत्त्वाचा भाग आहे तो मला पूर्ण मान्य आहे, की काही निर्णय मुलावर सोडायचेच नाहीत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात जोडी प्लुमर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलच्या सिम्युलेटरवर अभ्यास केला होता, २००४ मधे प्रसिद्ध झाला. १० वर्षांची मुलं, १२ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं, तिघांनाही वाहत्या रस्त्यातून सायकलवर पलीकडे जायचं होतं. मुलांनी दोन गाड्यांमधली जी फट निवडली ती मोठ्यांएवढीच होती, पण मुलं निघायला थोडा उशीर करत होती, त्यामुळे पलीकडे पोचेपर्यंत गाडी त्यांच्या जास्त जवळ आलेली असायची. म्हणजे अंदाज आणि पाय यांचा मेळ त्या वयात अजून बसलेला नसतो. लंडनच्या रॉयल होलोवेमधल्या संशोधकांनाही असंच दिसलं होतं, की प्राथमिक शाळेतल्या मुलांना वेगात येणाऱ्या गाडीचा वेग नीट ओळखता येत नाही, गाडी ताशी ३० किमीच्या वर गेली की त्यांचे डोळेच फसतात. ऐकत नाहीत, लक्ष देत नाहीत असं नाही हो, नजरच तेवढी तयार झालेली नसते.

म्हणून माझी वाटणी अशी असते: ट्रॅकवरची माणसं, कुत्री, गेट, खड्डे हे मुलाने ओळखायचं. जिथे ट्रॅक रस्त्याला मिळतो, गल्ली आडवी येते किंवा पेट्रोल पंपाची एंट्री असते, तिथे पाय टेकवून थांबायचं आणि आपण "चल" म्हटल्यावर निघायचं. मुलाला विचारायचं जरूर, "आता जाऊ का?", त्याने सांगावं, पण शब्द आपला. काही वर्षं हे असंच.

---

आइंडहोवनची_मराठी_आई
आम्ही नेदरलँड्सला राहतो, इथलं थोडं लिहिते, उपयोग झाला तर बघा.

इथे शाळेत साधारण १०-१२ वर्षांच्या मुलांची ट्रॅफिकची परीक्षा असते. लेखी तर असतेच पण प्रत्यक्ष गावातल्या रस्त्यावरून सायकल चालवायची पण असते. मुलांच्या अंगात नंबराचं जॅकेट, आणि ठरलेल्या रूटवर कोपऱ्याकोपऱ्यावर पालक कागद घेऊन उभे. मी पण उभी राहिलेय. नोंद कशाची करायची तर वळण्याआधी खांद्यावरून मागे बघितलं का, हात दाखवला का, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दिलं का. किती जोरात आला, पहिला आला का, याची कोणी नोंद करत नाही. मला हे फार आवडलं कारण बघणं ही गोष्ट दिसण्यासारखी, मोजण्यासारखी केलीये. तुम्ही पण घरच्या घरी करू शकता, दोन-तीन आया-बाबा मिळून ट्रॅकवर वेगवेगळ्या जागी उभे राहा आणि मूल गेटपाशी मान वळवतं का तेवढंच बघा.

दुसरं जास्त कामाचं. इथे काही शाळांमधे मोठा ट्रक आणतात आणि मुलांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवतात. बाकीचा वर्ग ट्रकच्या शेजारी उभा करतात. आतल्या मुलाला आरशात अख्खा वर्ग दिसत नाही! माझी लेक घरी येऊन तेच सांगत होती, "आई, सगळे तिथे होते आणि एकही दिसला नाही." ट्रक मिळायची गरज नाही, सोसायटीत उभी असलेली तुमची कार चालेल. बंद गाडी, चावी तुमच्याकडे, मुलाला ड्रायव्हरच्या जागी बसवा आणि तुम्ही त्याची सायकल घेऊन गाडीच्या मागे, डाव्या कोपऱ्याशी, पुढे बॉनेटजवळ फिरा. कधी दिसता आणि कधी नाही ते त्याला सांगू द्या. मला ड्रायव्हर दिसतोय म्हणजे त्यालाही मी दिसतोय, हा समज त्याने जातो.

इकडची सगळी वाहतूक उजव्या बाजूने असल्याने सुट्टीत पुण्याला आलो की माझी मुलं चुकीच्या बाजूला बघतात. त्यामुळे पहिले काही दिवस आम्ही पण नुसते चालतोच, पेडल_मारो यांनी सांगितलंय तसं. परदेशातून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

---

नळस्टॉपची_आई
बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. सीट बघितली, चवडे नीट टेकत नव्हते, खाली करून घेतली. आज संध्याकाळी त्याला घेऊन चालत गेले. टेम्पोखालचे पाय हा त्याचा आवडता खेळ झालाय, आणि कारमधे बसल्यावर मी मागे उभी असताना "आई तू कुठे गेलीस" म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं की काहीतरी कळलंय.

काका, तुमचं घंटीचं वाचून दाखवलं त्याला. "उजवीकडून जातोय" म्हणायची प्रॅक्टिस चालू आहे घरात, खुर्च्यांना म्हणत फिरतोय.

अजून दोन शंका. पावसाळ्यात काय वेगळं सांगायचं? आणि भटकी कुत्री मागे लागली तर? त्याची त्यालाच भीती आहे.

---

पेडल_मारो
वा, मस्त सुरुवात.

पावसाळ्याचं: चकाकतंय ते निसरडं, हा एकच नियम. लोखंडी झाकण, रंगवलेले पट्टे, झाडाखालचं शेवाळ, ओली पानं, गुलमोहोराचा सडा. यावर वळायचं नाही आणि ब्रेक दाबायचा नाही, आधीच हळू होऊन सरळ पार व्हायचं. साचलेल्या पाण्यातून जायचं नाही कारण खाली काय आहे ते दिसत नाही, फिरून जायचं, फिरून जाता येत नसेल तर उतरायचं. जाळीचं झाकण असेल आणि फटी चाकाच्या दिशेने असतील तर बारीक टायर आत बसतो, त्या आडव्या पार करायच्या. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीला रबर घासतं ते, ओले झाले की उशिरा पकडतात, म्हणून ती खडूची रेघ एकदा पावसात पण मारून दाखवा, म्हणजे रेघ कसली, दगड ठेवा.

आपल्याकडे सणांप्रमाणे पण धोके बदलतात हे मुलांना सांगायला हवं. गणपतीत मांडवाचे दोर फूटपाथवर तिरके बांधलेले असतात, संध्याकाळी अजिबात दिसत नाहीत, मांडव दिसला की उतरून ढकलत न्यायची. संक्रांतीच्या आसपास मांजा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मधे देशभर बंदी घातलीये तरी मिळतो आणि गळ्याला, बोटांना कापतो. आकाशात पतंग दिसत असतील तर त्या दिवसांत मी मुलांना उघड्या ट्रॅकवर नेतच नाही, हा धोका लहान मुलाला दिसण्यातला नाही.

कुत्रं मागे लागलं तर जोरात पळवायची नाही. पळणाऱ्या चाकामागे ते अजून धावतं. हळू व्हायचं, उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरायची, ओरडायचं नाही, डोळ्यात रोखून बघायचं नाही आणि तशीच ढकलत पुढे जायची. बहुतेक कुत्री तिथेच सोडून देतात. हे पण घरी करून बघा, तुम्ही कुत्रा व्हा. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना, आणि मूल रागावतील म्हणून लपवणार नाही हे आधीच बोलून ठेवा.

---

नळस्टॉपची_आई
शेवटचं विचारते, बरोबर जाताना मी पुढे का तो पुढे?

---

सायकलचं_दुकान
तो पुढे, तुम्ही मागे, दोन सायकलींएवढं अंतर. तुम्ही पुढे असलात तर तो तुमच्या मागच्या चाकाकडे बघत येतो आणि सगळं बघणं तुमच्याकडेच राहतं. बोलायचं त्याने, "गेट", "आजोबा", "खड्डा", आणि त्याला दिसलेलं तुम्ही परत सांगायचं नाही. तो गप्प राहिला आणि तुम्हाला काही दिसलं तरच ते दोन शब्द. ट्रॅक संपून रस्ता लागला की मात्र तुम्ही उजव्या बाजूला, त्याच्या थोडं मागे, म्हणजे गाड्यांच्या आणि त्याच्या मधे तुम्ही असाल.